जिनिव्हा ते जामखेड : मदतीच्या अर्ध्या शतकाचा मागोवा

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा जामखेड तालुका म्हणजे कायमचा अवर्षणग्रस्त भाग. पाऊस बेभरवशाचा, पीक मुख्यतः ज्वारीचं आणि दिवाळीच्या आसपास गावंच्या गावं ऊसतोडीला निघणारी. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य इथे आलं, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना जनावरांच्या दवाखान्याची जुनी इमारत देऊ केली. तिथेच समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. त्या काळी या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. दोन दशकांत हा आकडा विशीच्या आसपास आला.

आरोळे दांपत्याच्या कामाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. या कामामागे जगभरच्या चर्चसंस्थांचं एक जाळं उभं होतं, त्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. परदेशी मदत म्हटली की आपल्याकडे एक तर भारावून जाण्याची पद्धत आहे, नाही तर संशय घेण्याची. या जाळ्याने जामखेडसाठी नेमकं काय केलं आणि काय करायचं टाळलं, हे पाहिलं तर दोन्ही टोकं सोडून विचार करता येतो.

सुरुवात जर्मनीतल्या ट्युबिंगेन शहरात झाली. १९६४ साली तिथे वैद्यकीय मिशनच्या कामाचा फेरविचार करणारी परिषद भरली. जागतिक चर्च परिषदेशी जोडलेल्या चर्चची गरीब देशांत मिळून बाराशेच्या आसपास रुग्णालयं होती. त्यांची पाहणी झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. जवळपास सगळा पैसा, शंभरातले ९५ रुपये म्हणा, रुग्णालयात आलेल्या माणसाच्या उपचारावर खर्च होत होता. आजार होऊच नये म्हणून काही करायला पैसा उरत नव्हता आणि रुग्णालयापासून दूरच्या गावांना या सेवेचा उपयोगही नव्हता. त्यातून १९६८ साली जिनिव्हात ख्रिश्चन वैद्यकीय आयोग स्थापन झाला. त्याचे पहिले संचालक जेम्स मॅकगिल्व्रे यांनी पूर्वी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाचं व्यवस्थापन पाहिलं होतं.

आरोळे पतिपत्नीही वेल्लोरचेच विद्यार्थी. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना ते स्वतःच्या अनुभवाने त्याच निष्कर्षाला पोचले होते. बरं करून घरी पाठवलेलं मूल काही आठवड्यांनी त्याच दुखण्याने परत येई, कारण घरातलं पाणी आणि ताटातलं अन्न बदललेलं नसे. पुढे ते अमेरिकेला गेले. जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे त्यांना मार्गदर्शन करणारे कार्ल टेलर हे मसुरीत जन्मलेले आणि आयोगाच्या विचारविनिमयात सहभागी असलेले. अशा रीतीने जिनिव्हाचा प्रश्न आणि जामखेडचा आराखडा एकमेकांना भेटले. आपल्या पाहणीतून निघालेला विचार खऱ्या गावात उतरतो का, हे आयोगाला पाहायचं होतं. आरोळ्यांना हवी होती ती पाठीशी उभी राहणारी आणि घाई न करणारी माणसं.

घाई नसण्याचं महत्त्व पहिल्या दोन वर्षांतच कळलं. डॉक्टर आरोग्याचं बोलायला गेले, तर गावाने सांगितलं की आम्हाला आधी अन्न आणि पाणी हवं. एखादा कडक देणगीदार म्हणाला असता की आमचा निधी आरोग्यासाठी आहे. इथे तसं झालं नाही. लहान मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू झाली. स्वयंपाक गावच्या बायका करत. बाहेरून येणाऱ्या धान्यावर कायम विसंबून राहता येणार नाही म्हणून काही शेतकऱ्यांनी मुलांच्या आहारासाठी पीक घ्यायला जमीन दिली. १९७२ च्या दुष्काळात बोअर आणि हातपंपांची कामं निघाली, तेव्हा शक्य तिथे दलित वस्तीत पाणी लागेल अशी जागा निवडण्याचा आग्रह धरला गेला. पाणी हवं असेल तर आता सगळ्या गावाला त्या वस्तीत यावं लागणार होतं. जातीबद्दल व्याख्यानं देऊन जे घडलं नसतं, ते हातपंपाची जागा बदलून घडायला लागलं.

त्यानंतरचं वळण सगळ्यात मोलाचं ठरलं आणि ते कुठल्याही प्रस्तावात लिहिलेलं नव्हतं. गावात जाऊन राहण्यासाठी शिकलेल्या परिचारिका तयार होईनात. गेल्या तरी बायका त्यांच्यापाशी मोकळं बोलत नसत. तेव्हा गावातूनच सूचना आली की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. ग्रामसभेने निवडलेल्या या बायका बहुतेक निरक्षर होत्या. कुणी दलित, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. त्या आठवड्यातून दोन दिवस जामखेडला येऊन राहत. गरोदर बाईच्या पायाला सूज आली तर काय करायचं, बाळंतपणात नाळ कापायला काय वापरायचं, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं द्यायचं, हे सगळं त्या गाण्यातून, गोष्टीतून आणि हाताने करून शिकत. स्वयंपाक एकत्र होई, पंगत एकच असे आणि रात्री झोपायला बऱ्याच गोधड्या एकत्र शिवून केलेली एकच मोठी गोधडी. जिला आयुष्यभर लोकांनी दारात उभं केलं नव्हतं, ती आता वरच्या जातीच्या बाईशेजारी त्याच पांघरुणात झोपत होती. गावी परतल्यावर तिला कोणत्याही घरात जाऊन बाळंतीण तपासायची होती आणि ते धैर्य तिला या मुक्कामांनी दिलं. काम मानधनापुरतं नव्हतं. पोटापाण्यासाठी या बायकांना छोट्या व्यवसायांना आधार मिळाला. त्यांच्या जोडीने शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता घरातच औषध सुरू करणं, झाडं लावणं, बांधबंदिस्ती करणं ही कामं त्या मंडळांनी पेलली.

इथे जिनिव्हाची दुसरी कामगिरी सुरू होते. आयोगाचं 'कॉन्टॅक्ट' नावाचं छोटेखानी नियतकालिक होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यात जामखेडचा अनुभव छापून आला आणि तो अनेक देशांतल्या आरोग्यसेवकांपर्यंत पोचला. जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालयही त्याच शहरात. तिचे नवे महासंचालक हाफ्दान माहलेर यांनी पन्नासच्या दशकात भारतात क्षयरोगाचं काम केलं होतं. १९७४ साली आयोग आणि संघटना एकत्र बसले. १९७५ मध्ये केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. त्याच पुस्तकात ग्वाटेमालातलं चिमाल्तेनांगो आणि इंडोनेशियातलं मध्य जावा इथले असेच प्रयोग होते. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-अता इथल्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मंजूर केला, त्यामागे या गावांचा अनुभव उभा होता. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका दुष्काळी तालुक्यातल्या निरक्षर बायकांनी सिद्ध केलेली गोष्ट जगाच्या आरोग्यधोरणात पोचायला आठ वर्षं लागली. या जाळ्यावाचून ती कदाचित पोचलीच नसती.

ओहोटीही लगेचच लागली. १९७९ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे मोठे देणगीदार जमले. सर्वांगीण आरोग्यसेवा महाग आहे, मोजता येतील असे मोजकेच उपाय निवडावेत, हा विचार तिथून जोर धरत गेला. ऐंशीच्या दशकात पैसा लसीकरण, जलसंजीवनी अशा ठरावीक कार्यक्रमांकडे वळला. या उपायांनी असंख्य मुलं वाचली, हे निर्विवाद आहे. पण आधी कोणतं काम घ्यायचं हे ठरवण्याचा गावाचा अधिकार त्या बदलात हरवला. आपल्या सरकारनेही १९७७ मध्ये हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना आणली. त्यात निवडले गेले बहुतांशी पुरुष आणि योजना रोडावत गेली. गावातल्या बाईवर विश्वास टाकणारी 'आशा' योजना यायला २००५ साल उजाडावं लागलं. त्याच्या कितीतरी आधी, १९८८ मध्ये, जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलल्या होत्या. गावाचं आरोग्य सांभाळण्याचं ज्ञान त्यांच्यासारख्या बायकांकडे तेव्हाही होतं.

पुढे जिनिव्हाचा आयोग चर्च परिषदेच्या फेररचनेत विरून गेला. मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि रजनीकांत आरोळे २०११ मध्ये गेले. तरीही जामखेडचं काम पुढच्या पिढीने चालू ठेवलं आहे आणि देशोदेशीचे विद्यार्थी तिथे गावच्या बायकांकडून शिकायला येतात. ज्यांनी पाठिंबा दिला ती यंत्रणा मावळली आणि ज्यांना दिला ते टिकले. मदतीची याहून चांगली पावती मला माहीत नाही.

आज ही वाट अरुंद झाली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही आणि प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परदेशी पैशाचा हिशेब पारदर्शक असावा, याबद्दल वाद नाही. पण ज्या लहान संस्थेला थेट परदेशाशी व्यवहार जमत नाही, तिच्यापर्यंत मोठ्या संस्थेमार्फत मदत पोचायची ती सोय यात गेली. दुसरीकडे देणगीदारही वर्षादोन वर्षांच्या मुदतीत आकडे मागतात. गावाने 'आधी पाणी' म्हटलं, तर प्रकल्पाचा आराखडा बदलायला आज किती संस्था तयार होतील?

जामखेडचा हिशेब मांडला तर पैसा तिसऱ्या क्रमांकावर येतो. पहिल्या क्रमांकावर गावाचा क्रम मान्य करण्याची तयारी, दुसऱ्यावर गावाचं शहाणपण जगापुढे नेण्याची तळमळ. सरकारी, खासगी, देशी, परदेशी कुणीही मदत घेऊन येवो, त्याच्याकडे आपण याच क्रमाने मागणी केली पाहिजे.