दुखणे एक, लक्षणे अनेक

पौष महिन्यातील पहाट होती. अकोल्यातील एका घरासमोर मोटार उभी होती. आजीच्या डोळ्यातील मोतीबिंदू काढायचा होता. त्यासाठी तिला सकाळी ९ वाजेपर्यंत अमरावतीच्या रुग्णालयात नेणे आवश्यक होते. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वडिलांनी किल्ली फिरविली. पण इंजिन सुरू झाले नाही. केवळ 'टक् टक्' असा आवाज आला आणि दिवे मंदावले.

असा प्रसंग कोणत्याही घरी ओढवू शकतो. वस्तुतः या मोटारीने कित्येक दिवस आधीपासून सूचना दिल्या होत्या. तिच्या काचा सावकाश वर चढत. भोंग्याचा आवाज बसला होता. किल्ली फिरविताच घड्याळातील वेळ पुसली जाई. एकदा तर ब्रेकच्या यंत्रणेत दोष असल्याचा दिवा लागला. ब्रेक तपासले, तेव्हा ते निर्दोष निघाले. दुखणे त्या भागांचे नव्हतेच. ते बॅटरीचे होते.

बॅटरी म्हणजे विजेचा साठा करणारे साधन. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली शिशाची बॅटरी तयार केली. आजही बहुतेक मोटारींत त्याच तत्त्वाची बॅटरी असते. तिच्यात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. एका कप्प्यातून सुमारे २ व्होल्ट दाब मिळतो. म्हणून सहा कप्प्यांचे मिळून १२ व्होल्ट होतात. वीज खर्च होताना पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचा थर बसतो. बॅटरीत पुन्हा वीज भरली, की तो विरघळतो. परंतु बॅटरी दीर्घकाळ रिकामी राहिली, तर हा थर कठीण होतो आणि तिची शक्ती कायमची घटते.

बॅटरीची खरी कसोटी इंजिन सुरू करताना लागते. मोटारीच्या पुढच्या एका मोठ्या दिव्याला सुमारे ५ अँपिअर प्रवाह पुरतो. इंजिन फिरविण्यास मात्र १०० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. एकदा इंजिन चालू झाले, की त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते आणि बॅटरीही भरते. म्हणून दुबळ्या बॅटरीची मोटार चालू असेपर्यंत धावते. थांबली, की अडते.

आजच्या मोटारींत ब्रेक, इंजिन, दारांची कुलपे इत्यादींवर लहान लहान संगणकांची देखरेख असते. त्यांना विजेचा स्थिर दाब हवा असतो. दाब एकाएकी उतरला, की ते गोंधळतात आणि नसलेल्या दोषाची सूचना देतात. तथापि ब्रेकच्या दिव्याकडे कधीही दुर्लक्ष करू नये. ब्रेक प्रथम तपासावेत. ते चांगले असल्यास बॅटरी पाहावी.

मग ही बॅटरी दुबळी झाली कशाने? वऱ्हाडच्या उन्हाने! अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात काही दिवस पारा ४५ अंशांच्याही वर जातो. त्या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडून जाते आणि पट्ट्या लवकर झिजतात. उन्हाळ्यात झालेली ही हानी त्या वेळी जाणवत नाही. पुढे थंडी पडते. तेव्हा बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातील तेलही घट्ट होते, आणि वैशाखातील जखम पौषात उघडी पडते.

काही बॅटऱ्यांत पाणी घालावे लागते. ते ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले, शुद्ध पाणीच हवे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असते. असे पाणी घातल्यास त्यातील क्षार पट्ट्यांचा नाश करतात.

इकडे शेजारचा मिस्त्री धावून आला. त्याने आपल्या मोटारीच्या बॅटरीला जाड तारा जोडून इंजिन सुरू करून दिले. तो म्हणाला, "भाऊ, अमरावती येईपर्यंत इंजिन बंद करू नका." याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम करण्यात आला होता. पण रस्ता कितीही उत्तम असला, तरी मोटार जागची हलली तरच त्याचा उपयोग! मूर्तिजापुरास चहासाठीही न थांबता मोटार बडनेऱ्यावरून अमरावतीस पोहोचली. आजी वेळेवर रुग्णालयात गेली. त्यानंतर वडिलांनी नवी बॅटरी बसवून घेतली आणि जुनी दुकानदाराच्या स्वाधीन केली. शिसे विषारी असल्यामुळे ती उकिरड्यावर टाकणे घातक असते.

बॅटरीची निगा राखणे कठीण नाही. तिच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवट थर मिस्त्रीकडून स्वच्छ करून घ्यावा. तारा घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे. मोटार शक्यतो सावलीत उभी करावी, आणि उन्हाळा सरताच बॅटरीची तपासणी करावी. मुलांनी मात्र बॅटरीला हात लावू नये. तिच्यातील आम्लाने कातडी भाजते, आणि वीज भरताना तिच्यातून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो.

वैद्य केवळ दुखणारा भाग पाहून थांबत नाही. तो रोगाचे मूळ शोधतो. यंत्राच्या बाबतीतही तसेच करावे. जो भाग कुरकुरतो तोच दोषी असतो, असे नाही.