मूर्ती लहान, इंजिन दांडगं

वीर स्टेशन मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की महाड येतं, मग पोलादपूर, आणि त्यापुढे कशेडीचा चढ. बोगद्याचा रस्ता सोडून जुन्या घाटाने गेलं, तर गाडीचं खरं पाणी कळतं. वळणावर वेग तुटतो, समोर मालाने भरलेला ट्रक कण्हत असतो आणि ओव्हरटेकसाठी मोकळा रस्ता मिळतो तो जेमतेम. तिथे गाडी किती लांब-रुंद आहे याला फारसं मोल नसतं. वजनाच्या मानाने इंजिनात दम किती, यावर सगळं ठरतं.

अमेरिकेत हे गणित साठच्या दशकात मांडलं गेलं. 1964 मध्ये पाँटिअॅकने मध्यम आकाराच्या गाडीत मोठं इंजिन घालून 'जीटीओ' आणली आणि तशा गाड्यांची लाट उसळली. किमती चढल्या, विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले. मग कंपन्यांची नजर वळली ती लहान, साध्या, घरगुती गाड्यांकडे. 1969 ची 'एससी/रॅम्बलर' 315 हॉर्सपॉवरची होती आणि तीन हजार डॉलरच्या आत मिळायची. 1970 ची प्लिमथ 'डस्टर 340' तर मुळात व्हॅलियंट, म्हणजे काटकसरी कुटुंबाची गाडी. तिला मागून नवा आकार दिला आणि बॉनेटखाली साडेपाच लिटरहून मोठं व्ही-8 बसवलं. ताकद 275 हॉर्सपॉवर. पण प्रदूषणाचे नियम आले, पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं आणि हा बहर ओसरला.

या प्लिमथचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे त्याच प्रीमियरने फियाटचा हात धरला, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला तिचा ओळखीचा चेहरा मिळाला. 2014 मध्ये खुद्द फियाट आणि क्रायसलर एक झाल्या. कुर्ल्यात एकामागून एक नांदलेली ही दोन घराणी आता एकाच छताखाली आली.

त्या एकत्र कुटुंबाच्या पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यातून 2015 मध्ये फियाटच्या लहानशा पुंटोची दमदार आवृत्ती, 'अबार्थ पुंटो', बाहेर पडली. आराखडा इटलीचा, पण कल्पना डस्टरचीच. साध्या पेट्रोल पुंटोत 68 हॉर्सपॉवरचं इंजिन असे, अबार्थमध्ये 1.4 लिटरचं टर्बो आलं आणि ताकद थेट 145 वर गेली. चारही चाकांना डिस्क ब्रेक, चाकांवर विंचवाचं चिन्ह. किंमत दहा लाखांच्या आत. शून्यापासून शंभरचा वेग 8.8 सेकंदांत, असं कंपनी सांगे.

भोरहून वरंधा घाट उतरून महाडला येणाऱ्या वाटेवर, किंवा कशेडीच्या चढावर, ही गाडी आपला स्वभाव दाखवते. इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या खाली असले की ती मंद वाटते. एक गिअर खाली टाकला, टर्बोत हवा भरली, की सीट पाठीला रेटते. हायड्रॉलिक स्टिअरिंग जड आहे, पण पुढच्या चाकांखाली खडी आहे की डांबर, हे तळहाताला कळतं. हे सुख दोन हजार हॉर्सपॉवरच्या गाडीतही असेलच असं नाही. त्रास एकच, गाडी जमिनीलगत बसते. वर्षानुवर्षं रखडलेल्या महामार्गाच्या कामातल्या खड्ड्यांपुढे तिला जपूनच जावं लागतं.

अबार्थ फार काळ टिकली नाही, आणि ही हळहळ वाटण्यासारखीच गोष्ट आहे. भारतीय ग्राहकाने मायलेज आणि सर्व्हिस सेंटर पाहिलं. फियाटचं जाळं विरळ होत गेलं. प्रदूषणाचे नवे नियम लागू होण्याच्या सुमारास पुंटोची ओळच संपली. रांजणगावला मात्र 2017 पासून अमेरिकी नावाची एक आटोपशीर गाडी बनते आहे, जीप कंपास. तिच्या दोन लिटर डिझेलला 350 न्यूटन-मीटरचा टॉर्क आहे, आणि उजव्या स्टिअरिंगच्या कंपास इथूनच जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या.