चित्राचा ऑनलाइन शोध : नोंद कशी वाचावी?

संगणकावर चित्र सापडणे म्हणजे संशोधन नव्हे. मूळ चित्र जेथे आहे, त्या संग्रहालयाची नोंद वाचण्यापासून संशोधन सुरू होते. विजापूरच्या आदिलशाही सुलतानांचे प्रसिद्ध समूहचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. नोंदणी क्रमांक १९८२.२१३, चित्रकार कमाल मुहम्मद व चांद मुहम्मद, काळ सुमारे १६८०. मुस्लिम नावांची रोमन स्पेलिंगे बदलतात, म्हणून क्रमांकाने शोधणे अधिक खात्रीचे. १४९० च्या सुमारास सत्ता स्थापणारा युसूफ आणि १६८६ मध्ये ती गमावणारा सिकंदर या चित्रात एकत्र आहेत. अर्थात हा प्रत्यक्ष भरलेला दरबार नव्हे. वंशपरंपरेचा दावा आहे. काळाची नोंद न पाहणारा विद्यार्थी येथेच फसतो. म्हणून प्रकल्पात क्रमांक, काळ व ‘सुमारे’ हा शब्दही अध्यापकांनी आवर्जून तपासावा.