ॲप उडवलं, खातं राहिलं

रात्रीचे पावणेदोन वाजलेले. सकाळी सातला कंपनीची बस पकडायची आहे. तरी ‘एकच शेवटची मॅच’ म्हणत सलग पाच मॅच झाल्या. अखेर स्वतःचाच राग येऊन तो गेमच्या चिन्हावर बोट दाबून धरतो आणि ॲप उडवून टाकतो. एकदम हलकं वाटतं. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर पाऊस, घरात कंटाळा, हातात मोबाइल. थोड्याच वेळात गेम पुन्हा फोनवर उतरलेला असतो. उघडला की तेच नाव, तीच रँक, तोच स्क्वॉड आणि वर ‘परत आल्याबद्दल’ एक बक्षीस!

असा तरुण आपल्या आजूबाजूला सहज सापडेल. चार-चार वेळा ॲप काढूनही परत का जातो, असं विचारलं तर ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण दोष फक्त इच्छाशक्तीचा नसतो. त्याने गेम फोनवरून काढलेला असतो. खातं मात्र जसंच्या तसं असतं.

ॲप वेगळं, खातं वेगळं

फोनवरचं ॲप म्हणजे गेमपर्यंत जाण्याची वाट. खेळाडूचं नाव, रँक, विकत घेतलेल्या स्किन, डायमंड, मित्रांची यादी हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. मुलं ज्याला ‘आयडी’ म्हणतात, ती हीच. ॲप काढल्याने तिला धक्काही लागत नाही. गुगल किंवा फेसबुकच्या खात्याने गेममध्ये प्रवेश केला असेल तर ती जोडणी तोडली तरीही गेमचं खातं आपोआप पुसलं जात नाही. इतकंच काय, दरमहा पैसे जाणारी वर्गणी चालू असेल तर ॲप काढल्यावरही ती कापली जात राहते.

खातं कायमचं बंद करायचं तर तशी स्पष्ट विनंती करावी लागते. ॲपलने ३० जून २०२२ पासून नियम केला की, ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं, त्या ॲपमधूनच ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करता आली पाहिजे. गुगलनेही २०२३ मध्ये तसंच धोरण जाहीर केलं. त्यामुळे आज बहुतेक गेममध्ये सेटिंगमध्ये कुठेतरी ही सोय असते. मात्र ‘लॉग आउट’, ‘डीॲक्टिव्हेट’ आणि ‘डिलीट अकाउंट’ हे तीन वेगळे पर्याय आहेत. पहिल्या दोन्हींत परतीचा रस्ता उघडा राहतो. कायमचं बंद होतं ते तिसऱ्यानेच.

मेंदू परत का वळतो?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बटणावर चोच मारली की दाणा मिळायचा. पण दाणा कितव्या टोच्याला मिळेल हे अनिश्चित ठेवलं, तर कबुतर थांबेचना. दाणे बंद केल्यावरही ते बराच वेळ टोचे मारत राही. गेममधली पेटी उघडताना ‘या वेळी तरी भारी स्किन निघेल’ असं वाटतं, त्यामागे हेच तत्त्व आहे. बक्षीस मिळण्याइतकीच ते मिळेल की नाही ही अनिश्चितताही मेंदूला धरून ठेवते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘थोडक्यात हुकलं’ ही भावना. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये स्लॉट मशीनसारख्या खेळावर केलेल्या अभ्यासात दिसलं की, अगदी थोडक्यात हुकलेल्या डावातही मेंदूचे जिंकताना जागे होणारे काही भाग सक्रिय होतात. हरूनही पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते. शेवटच्या दोघांत येऊन हरलेला खेळाडू फोन खाली का ठेवत नाही, ते यावरून समजायला मदत होते.

आणि तिसरी, सगळ्यांत चिवट गोष्ट : केलेला खर्च. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण किमतीत, तर काहींना सवलतीत दिली गेली. ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते, त्यांनी हंगामाच्या पहिल्या भागात जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच, फरक होता खिशातून गेलेल्या पैशांचा. गेमच्या खात्यात तर पैशांबरोबर वर्षंही गेलेली असतात. ‘तीन वर्षांची मेहनत एका बटणाने घालवू?’ हा प्रश्न बोट अडवतो. पण ती तीन वर्षं खातं ठेवल्यानेही परत येणार नसतात. पुढची तीन कुठे घालवायची, एवढाच निर्णय हातात असतो.

शांत मनाने घातलेलं कुलूप

अर्थशास्त्रज्ञ आणि मानसतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी माणसाच्या एका सवयीकडे लक्ष वेधलं आहे. पोट भरलेलं असताना आपल्याला भुकेची कल्पना नीट करता येत नाही. तसंच मन शांत असताना तल्लफ किती जोर करेल याचा अंदाज आपण नेहमी कमी लावतो. सकाळी ‘आता रात्री अर्धाच तास’ असं ठरवणारा माणूस खोटं बोलत नसतो. फक्त रात्रीचा तो स्वतः कसा असेल, हे सकाळच्या त्याला ठाऊक नसतं.

यावर उपाय म्हणजे शांत वेळीच अशी व्यवस्था करायची की, तल्लफ आली तरी हात पोहोचणार नाही. ग्रीक महाकाव्यातला युलिसिस मोहिनी घालणाऱ्या गाण्याच्या प्रदेशातून जाताना स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, म्हणून अशा स्वतःवरच्या बंधनाला मानसोपचारात ‘युलिसिस करार’ म्हणतात. ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगारासाठी ‘गॅमस्टॉप’ ही अशीच योजना आहे. तिथे नाव नोंदवलं की सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, निवडलेल्या मुदतीपर्यंत परवानाधारक संकेतस्थळांचे दरवाजे बंद. मध्येच विचार बदलला म्हणून नोंदणी मागे घेता येत नाही.

गेमचं खातं कायमचं बंद करणं हेही असंच कुलूप आहे. नवीन खातं कुणालाही उघडता येतं, हे खरं. पण त्यात रँक शून्य, स्किन नाहीत, स्क्वॉड नाही. परत जाण्याची ओढ मुख्यतः जुन्या खात्याची असते; नव्याने पहिल्या पायरीपासून सुरू करण्याची नसते.

बंद करताना काय काळजी घ्यावी?

आधी पैशांची बाजू. वर्गणी चालू असेल तर ती प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून रद्द करावी. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची परवानगी दिलेली असेल तर तीही काढावी. फोनमध्ये साठवलेलं कार्ड पुसावं. गेममधली नाणी, डायमंड यांचे पैसे बहुतेक कंपन्या परत देत नाहीत. ते गेले असंच धरावं. खरेदीच्या पावत्या हव्या असतील तर आधीच उतरवून घ्याव्यात.

मग मित्रांची बाजू. रोज रात्री ज्यांच्याशी बोलणं होतं, ती माणसं खरी असतात. त्यांना दोन ओळींत कळवावं आणि ज्यांच्याशी मैत्री ठेवायची आहे त्यांचे नंबर घ्यावेत. न सांगता गायब झालं की ‘कुठे आहेस?’ असे निरोप येत राहतात आणि तेच परत ओढतात.

‘बंदच करायचंय, तर आयडी विकून दोन पैसे मिळवू’ हा विचार मात्र टाळावा. बहुतेक गेमच्या अटींत खातं विकायला मनाई असते, अशा व्यवहारांत फसवणूकही होते आणि सौदा जमेपर्यंत रोज खात्यात डोकावणं चालूच राहतं.

सर्वांत नाजूक टप्पा म्हणजे विनंतीनंतरची मुदत. बऱ्याच कंपन्या खातं लगेच पुसत नाहीत. संगणकावरच्या गेमसाठी लोकप्रिय असलेल्या ‘स्टीम’वर ही मुदत ३० दिवसांची आहे. खातं चोरून कुणी विनंती केली असेल किंवा घरातल्या लहान मुलाने चुकून बटण दाबलं असेल, तर ते वाचवता यावं म्हणून ही सोय असते. पण सोडू पाहणाऱ्यासाठी हीच परीक्षा ठरते. अनेक गेममध्ये या काळात एकदा जरी लॉग इन केलं, तरी विनंती रद्द होते. म्हणून विनंती केल्याबरोबर गेम सगळ्या उपकरणांवरून काढावा, शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावं. कंपनीकडून आलेली ईमेल जपून ठेवावी.

पहिले काही आठवडे

खातं बंद झालं की लगेच मोकळं वाटेलच असं नाही. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणं, सगळंच नीरस वाटणं, असा अनुभव अनेकांना येतो. तल्लफ ही लाटेसारखी असते. ती चढते, शिखरावर येते आणि तिला खतपाणी घातलं नाही तर ओसरते. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, एक चक्कर मारून येणं, कुणाला तरी फोन करणं, एवढ्यानेही निभावतं. महत्त्वाचं म्हणजे खेळण्याची जी ठरलेली वेळ होती, ती मोकळी सोडू नये. रात्री दहा ते बारा गेममध्ये जात असतील, तर त्या वेळेला दुसरं काहीतरी आधीच ठरवलेलं हवं. नाहीतर ती जागा रील्स घेतात.

पालकांनी एक लक्षात घ्यावं. मुलाच्या अपरोक्ष त्याचं खातं पुसून टाकणं हा कुलपाचा प्रकार नव्हे. युलिसिसने स्वतःला स्वतःच्या इच्छेने बांधून घेतलं होतं. मुलाच्या संमतीने, त्याच्याच हातून बंद झालेलं खातं जास्त टिकतं. जबरदस्तीने पुसलेल्या खात्याच्या जागी मित्राच्या फोनवर दुसरं उघडतं.

पैशांचे गेम आणि कायदा

पैसे लावून खेळायच्या गेमची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने भारतात असे ऑनलाइन गेम चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. अशा एखाद्या ॲपच्या वॉलेटमध्ये शिल्लक अडकली असेल तर ती आधी काढून घ्यावी, मग खातं बंद करण्याची विनंती करावी. मात्र व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर कुणी दिलेल्या सट्ट्याच्या ‘आयडी’ला बंद करण्याचं बटणच नसतं. तिथे नंबर ब्लॉक करणं, ग्रुप सोडणं आणि बँकेची माहिती सुरक्षित करणं हाच मार्ग. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

मदत कधी घ्यावी?

गेम खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला, ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा आजार असतो, हेही संघटनेने स्पष्ट केलं आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा गेमला महत्त्व येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं, ही त्याची तीन लक्षणं. ती साधारण वर्षभर टिकली आणि अभ्यास, नोकरी, नाती यांवर गंभीर परिणाम झाला, तर तो आजार मानला जातो.

कित्येकदा गेमच्या आड नैराश्य, चिंता किंवा एकटेपणा लपलेला असतो. तिथे खातं बंद केल्याने दुखणं जात नाही, फक्त उघडं पडतं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास क्लिनिक चालतं. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं. आत्महत्येचे विचार मनात येत असतील, कर्जाचा डोंगर झाला असेल, तर आजच फोन करावा.

रात्री पावणेदोनला रागाच्या भरात ॲप उडवणं सोपं असतं. त्याऐवजी रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून सेटिंगमधला तो पर्याय शोधावा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पुढचे तीस दिवस मात्र कॅलेंडरवर एकेक करून खोडायचे.