पेनड्राईव्हवरची यंत्रणा आणि जनरल रजिस्टरची पाने

शिरूर व दौंड तालुक्यांतील आमचे माजी विद्यार्थी शाळेत पुन्हा येतात ते बहुधा एखाद्या कागदासाठी. कोणाला शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, तर कोणाला मुलाच्या जात पडताळणीसाठी जनरल रजिस्टरमधील स्वतःच्या नोंदीचा उतारा. जुनी शालेय नोंद हा या कामी महत्त्वाचा पुरावा असतो. मूळ रजिस्टरांना वारंवार हात लागू नये म्हणून त्यांची पाने स्कॅन करून आम्ही ती नेटवर्कवरील सामायिक साठवणीत ठेवली आहेत.

ही साठवण म्हणजे संगणक कक्षातून बाद झालेला एक जुना संगणक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. आत दोन हार्ड डिस्क आहेत. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही डेबियन लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली चालते. ही प्रणाली ज्या डिस्कवर बसवावी ती सगळी स्वतःसाठी राखून ठेवते. एवढ्यासाठी अख्खी हार्ड डिस्क खर्ची घालणे आम्हांस परवडणारे नव्हते, म्हणून ती 16 जीबीच्या पेनड्राईव्हवर बसवली. ही युक्ती आमची नव्हे. 2004 साली आलेल्या लिंकसिसच्या एनएसएलयू2 या चिमुकल्या यंत्रात अवघी 32 एमबी मेमरी होती. त्यावरही हौशी मंडळी यूएसबी स्टिकवरून डेबियन चालवीत.

पेनड्राईव्हचे दुखणे असे की त्यातील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, आणि लिनक्स तर आपली रोजनिशी अखंड लिहीत असते. त्यासाठी ओपनमीडियाव्हॉल्टला 'फ्लॅशमेमरी' हे पूरक अंग जोडता येते. सततचे लेखन ते मेमरीत करते आणि यंत्र रीतसर बंद होताना पेनड्राईव्हवर उतरवते. रीतसर हा शब्द महत्त्वाचा. आमच्याकडे वीज रीतसर जात नाही.

एका उन्हाळ्यात दुपारभर वीज ये-जा करीत राहिली आणि संध्याकाळी यंत्र सुरूच होईना. डिस्कवरील पाने शाबूत होती, पण कोणाला काय उघडता येईल याची सारी व्यवस्था पेनड्राईव्हबरोबर गेली. आमच्याजवळ त्याची प्रतिमा होती, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. बाजारातून दुसरा 16 जीबीचा पेनड्राईव्ह आणला, तर प्रतिमा त्यात मावेना! दोन कंपन्यांचे 16 जीबी सारखे नसतात. नवा काही एमबींनी लहान निघाला. उताऱ्यासाठी दौंडहून आलेल्या एका पालकांना त्या दिवशी रिकाम्या हाती परतावे लागले. मुलाच्या प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी 32 जीबीचा पेनड्राईव्ह आणून काम भागले, पण ती रात्र आम्हांस झोप लागली नाही.

आता प्रतिमा घेतो ती यंत्र बंद करूनच. चालत्या प्रणालीची प्रत अर्धवट लिहिलेल्या फायलींसह निघू शकते. पेनड्राईव्ह काढून संगणक कक्षातील 'बॉस' लिनक्सच्या संगणकाला लावतो. चेन्नईच्या सी-डॅकची ही प्रणालीही डेबियनच्याच कुळातील. प्रथम 'एलएसबीएलके' या आज्ञेने पेनड्राईव्हचे नाव पाहून घेतो, मग 'डीडी' या आज्ञेने त्याची बिट-न्-बिट प्रत फाईलमध्ये उतरवतो. 'डीडी' काही विचारत नाही. कोठून आणि कोठे यांची अदलाबदल झाली तर मूळच पुसले जाते. म्हणून नाव एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टंकायचे, असा आमचा नियम आहे.

ती प्रतिमा लगेच मोठ्या पेनड्राईव्हवर उतरवून यंत्र त्यावरून सुरू करून पाहतो. मूळ आणि प्रत यांचा ओळखक्रमांक एकच असतो. दोन्ही एकदम लावल्यास कोणता खरा हे यंत्राला कळत नाही, म्हणून एक आधी काढून ठेवतो. सुरू होऊन दाखवलेला तो पेनड्राईव्ह तारखेच्या चिठ्ठीसह कार्यालयाच्या कपाटात असतो. प्रतिमेची फाईल आणि रजिस्टरच्या पानांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क एका माजी विद्यार्थ्याच्या दौंडच्या घरी ठेवली आहे. दर तिमाहीस ती शिरूरला येते आणि नवी पाने घेऊन परत जाते.