धरण शंभर टक्के भरलं, मग पक्षी कुठे गेले?

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो होतो की नाथसागर काठोकाठ भरलेला असताना पक्षी बघायला जाऊ नका. त्यावर बऱ्याच जणांनी मला वेड्यात काढलं. पाणी जास्त म्हणजे पक्षी जास्त, साधं गणित आहे की! मलाही तसंच वाटायचं. एकदा शंभर टक्क्यांची बातमी वाचून मी सुट्टी टाकून गेलो आणि दिवसभरात पाणकावळे, वारकरी आणि दोन नदी सुरय बघून परत आलो.

आधी जागा समजून घेऊ. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचं धरण १९७६ साली पूर्ण झालं. भिंत संभाजीनगर जिल्ह्यात, पण फुगवटा आपल्या शेवगाव, नेवासा तालुक्यांत शिरतो, पार प्रवरासंगमापर्यंत. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, साधारण ३४१ चौरस किलोमीटरचं. इथलं खोरं सपाट, त्यामुळे पाणी खोल कमी आणि पसरट जास्त. हंडा नाही, परात.

आणि सगळा खेळ या परातीच्या काठाचा आहे. धरणात किती टीएमसी पाणी आहे याच्याशी पक्ष्याला देणंघेणं नाही. पाय टेकतात का, चोच तळाला पोहोचते का, एवढंच त्याला हवं असतं. छोटा टिलवा चिमणीएवढा, तो बोटभर पाण्यात नाहीतर ओल्या चिखलातच टोचत फिरतो. शेकाट्याचे पाय वीतभर, तो जरा आत जातो. रोहित अजून आत जातो आणि चोच उलटी करून गाळ गाळतो. तलवार बदक शेपूट वर करून मान बुडवतं, मान पोहोचली नाही तर उपाशी. खोल पाण्यात निवांत असतात ते मासे धरणारे आणि बुडी मारणारे, म्हणजे मला त्या दिवशी दिसले तेच.

आता थोडं गणित. समजा काठाचा उतार पाचशेला एक आहे. पातळी एक फूट उतरली की पाचशे फूट रुंद चिखलाचा पट्टा उघडा पडतो. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट. तिथे पाणी टेकलं की ते थेट बेशरमीच्या झुडपांत आणि शेतांच्या बांधांत जातं, चिखल शिल्लकच राहत नाही. मग आवर्तनं सुटतात, डाव्या-उजव्या कालव्यातून पाणी जातं, काही उन्हाने उडतं आणि पट्टा रोज थोडा थोडा आत सरकतो. हे 'थोडा थोडा' महत्त्वाचं. ताज्या ओल्या चिखलात अळ्या, किडे असतात, वाळून भेगा पडलेल्या चिखलात टिलव्याची चोचही जात नाही. म्हणून पक्षी पाण्याच्या रेषेसोबत चालत राहतात.

आपल्याकडे मात्र धरण म्हटलं की चर्चा टक्क्यांचीच. २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा आदेश निघाला, आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि पाणी प्रत्यक्ष सुटलं ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर उत्तरेकडचे पाहुणे येऊन उतरलेले असतात. अशा वेळी पातळी वर चढली की रेषा पुन्हा मागे सरकते. मी पाणी सोडू नका असं म्हणत नाहीये, मराठवाड्यात प्यायचं पाणी त्यातूनच जातं. पण काठाचं काय होतं, हा विषय त्या भांडणात कुणाच्या तोंडी येत नाही.

आणि काठावर पक्षी एकटे नसतात. आमच्या आजोळची जमीन याच पाण्याखाली गेलीय. पाणी हटलं की तिथे गाळपेर होते: हरभरा, ज्वारी, कुठे गहू. पाण्याच्या रेषेमागे मोटारी आणि पाइप सरकतात. मी एकदा मामांना म्हटलं, "मामा, हा पक्ष्यांचा चिखल आहे." ते म्हणाले, "पाणी हटलं की आपली जमीन दिसते रे. मग पेरायची नाही का?" मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. नांगरलेल्या गाळात टिलवे येत नाहीत, हे मी पाहिलंय. आणि पट्टकादंब हंस रात्री उतरून त्याच हरभऱ्यावर ताव मारतात, हे मामांनी पाहिलंय. म्हणजे एका पक्ष्याचं नुकसान तो दुसऱ्याचा दाणागोटा, आणि मामांचं नुकसान ते वेगळंच.

उन्हाळ्यात अजून एक भानगड. नदी सुरय आणि छोटी आर्ली उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळूतच अंडी घालतात. तिथे दुर्बीण घेऊन घुसू नका, आणि गाडी तर अजिबात नेऊ नका. अंडी दिसतच नाहीत, पायाखाली येतात.

तर कधी जायचं? पातळी पूर्ण असताना नाही, उतरायला लागल्यावर. मी आता टक्के बघत नाही, आजची फुटातली पातळी आठवड्यापूर्वीच्या पातळीशी ताडून बघतो. हळूहळू उतरत असेल तर शनिवारी रात्री निघायचं. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत प्रवरासंगमाच्या बाजूला सकाळी लवकर पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा. आणि हरभऱ्याच्या शेतातून जायचं असेल तर आधी विचारा.