हसतमुख की काटेकोर?

आजारी माणसाला भेटायला येणारे बरेच जण जाताजाता सांगतात, ‘पॉझिटिव्ह राहा, निम्मं दुखणं तिथेच पळेल.’ सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण आनंदी माणूस हमखास जास्त जगतो, या समजुतीचा पाया कच्चा आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे दीड हजार हुशार मुलांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. कोण कसं आहे, हे आईवडील आणि शिक्षकांनी लिहून दिलं. टर्मन गेले, तरी नोंदी थांबल्या नाहीत. १९९३ मध्ये हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी ही माहिती मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहिली. काटेकोर, विचार करून पाऊल टाकणारी, अंगावर घेतलेलं काम पुरं करणारी मुलं सरासरीने जास्त जगली होती. सदा हसरी, विनोदी म्हणून नोंदवलेली मुलं मात्र तुलनेने लवकर गेली. मोठेपणी त्यांच्यात सिगारेट आणि दारूचं प्रमाण अधिक होतं. ‘काही होत नाही हो’ म्हणणारी माणसं आपल्याही घरात असतात आणि ती सगळ्यांची लाडकी असतात, म्हणून हा निष्कर्ष मला फार लागला. तरी व्यसनं हिशेबात धरूनही काटेकोर मुलांचा फायदा पूर्ण पुसला गेला नाही.

मग दुःखी माणसं लवकर जातात असं का दिसतं? ब्रिटनमध्ये सात लाखांहून अधिक स्त्रियांची सुमारे दहा वर्षं पाहणी झाली. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. आधीपासूनची तब्येत आणि धूम्रपान वगैरे सवयी लक्षात घेतल्यावर दुःखी स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त उरलं नाही. दुखणं आधी येतं, मन त्यामागून खचतं. म्हणूनच कॅन्सरच्या रुग्णाला ‘तू धीर सोडलास’ म्हणणं अन्यायाचं आहे.

आशावाद ही थोडी निराळी गोष्ट. २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात सर्वांत आशावादी गटाचं आयुष्य सरासरी ११ ते १५ टक्के जास्त भरलं. त्यातला काही भाग चांगल्या सवयींचा होता, सगळा नाही.

सतत घाईत असणाऱ्या ‘टाइप ए’ माणसाला हार्ट अटॅक ठरलेलाच, ही १९५० च्या दशकातून आलेली कल्पनाही पुढच्या अभ्यासांत डळमळली. त्यातला वैरभाव आणि धुमसता राग तेवढा संशयित राहिला.

राहिली आपली म्हण, स्वभावाला औषध नाही. तीही पूर्ण खरी नसावी. टर्मन यांच्या मुलांचा काटेकोरपणा मोठेपणीही मोजला गेला होता. लहानपणीची नोंद बाजूला ठेवली, तरी या दुसऱ्या मोजणीचा दीर्घायुष्याशी स्वतंत्र संबंध दिसला.